दोघांच्या दोन सायकली



दिवाळीच्या पणत्या विझल्या की आमच्या खानदेशातली हवा पालटते. वैशाखात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणारा हा मुलूख कार्तिक-मार्गशीर्षात असा गारठतो, की काही पहाटे पारा दहाच्याही खाली येतो. कापसाची वेचणी चालू असते, केळीच्या बागांवर सकाळी धुके रेंगाळते, आणि संध्याकाळी शेताशेतांतून वांग्याच्या भरिताचा खरपूस वास येऊ लागतो. शाळांना सुट्टी असते. रस्ते कोरडे झालेले असतात, नदीनाल्यांचे पाणी उतरलेले असते. प्रवासाला याहून चांगले दिवस आपल्याकडे नाहीत. अशा दिवसांत नवराबायकोने मिळून सायकलीवर लांबचा प्रवास करावा, असे मी आज आपल्याला सुचवणार आहे.

आपल्याला हसू आले असेल, तर त्यात नवल नाही. मी वरणगावची, एका शाळेत शिकवते. आम्ही दोघे पहिल्यांदा सायकली काढून निघालो, तेव्हा शेजारच्या आजी ओट्यावरून म्हणाल्या, "काय माय, मोटारसायकल बिघडली का तुमची?" त्यांचे म्हणणे रास्तच होते. आपल्याकडे सायकल ही गरजेची वस्तू. कारखान्याच्या पाळीला सायकलीवरून जाणारी माणसे आमच्या गावाने वर्षानुवर्षे पाहिली आहेत. दूधवाला, पेपरवाला, शाळेची मुले, सारे सायकलीवर. पण गरज संपली की सायकल संपली, आणि हातात पैसा आला की फटफटी आली, असा आपला हिशेब.

या हिशेबात एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. कोणत्याही गावच्या हायस्कूलपुढे उभे राहा. मुलींच्या सायकलींची रांग दिसेल. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून अनेक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत येण्यासाठी सायकल मिळते. चार-पाच किलोमीटरवरच्या खेड्यातून ऊन-वारा न जुमानता या मुली एकट्यादुकट्या येतात. आता त्याच मुलींना पाच-सात वर्षांनी शोधा. लग्न झालेले असते, संसार मांडलेला असतो, आणि सायकल माहेरी पडवीत गंजत असते, नाहीतर धाकट्या भावाने नेलेली असते. दोन किलोमीटरवरच्या बाजाराला जायचे, तरी ती कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसण्याची वाट पाहते. ती चालवायची विसरली का? नाही. सायकल चालवणे कुणी विसरत नाही. फक्त तिची जागा पुढून मागे गेली.

म्हणून मी सांगते तो प्रवास निव्वळ हौसेचा नाही. दोघांनी दोन सायकली घेऊन निघावे, यात पुष्कळ अर्थ आहे.

आता असा प्रवास पूर्वी कुणी केला होता का? केला होता, आणि तोही आपल्याच देशात. अमेरिकेतले एक जोडपे होते. बाईंचे नाव फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे यजमान विल्यम हंटर वर्कमन, पेशाने डॉक्टर. १८९७ च्या नोव्हेंबरात, म्हणजे आपल्या याच थंडीच्या तोंडाशी, त्यांनी या बाजूचा प्रवास सुरू केला. त्या वेळी बाईंचे वय अडतीस आणि डॉक्टरांचे पन्नास. पुढच्या सुमारे अडीच वर्षांत हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन आणि जावा मिळून चौदा हजार मैलांचा प्रवास त्यांनी केला. त्यांतले सुमारे चार हजार मैल त्यांनी आपल्या देशाच्या दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत सायकलीवर काटले. त्याआधी ती दोघे अल्जीरिया आणि स्पेन या देशांतही अशीच हिंडली होती. १९०४ मध्ये त्यांनी या प्रवासाचे एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले.

त्या काळी आजच्यासारख्या गिअरच्या सायकली नव्हत्या. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल इंग्लंडात बाजारात आली १८८५ मध्ये, आणि हवेच्या टायरची युक्ती डनलॉपने काढली १८८८ मध्ये. म्हणजे त्यांचे वाहन जेमतेम दहा-बारा वर्षांचे. बाई सायकल चालवीत ती त्या काळच्या रीतीप्रमाणे पायघोळ झगा घालून. तेव्हा "लुगड्यावर सायकल कशी चालवायची?" असे विचारणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात घ्यावे. बरोबर सामान काय? चहा, साखर, बिस्किटे, चीज, डब्यातले मांस, पाणी, उशी, माणशी एक घोंगडी, लिहायचे साहित्य, औषधे आणि दुरुस्तीची हत्यारे. सामानसुमान वेळेवर मिळावे म्हणून ती दोघे शक्यतो रेल्वेच्या जवळचे मोठे रस्ते धरीत. मुक्कामाला जागा मिळाली नाही, तर स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये झोपत. उंदरांचा सुळसुळाट, डासांचे थवे, आणि पंक्चर तर एखाद्या दिवशी चाळीसपर्यंत! आपल्या बाभळीच्या काट्याने कधी एका दिवसात दोन पंक्चर काढायला लावले, तर या चाळिसांची आठवण करावी, म्हणजे राग शांत होतो.

या जोडप्याचे सारेच वाखाणण्यासारखे होते, असे मात्र नाही. ते साहेबांच्या राज्यातले साहेब होते. पुढे हिमालयात ओझी वाहणाऱ्या हमालांशी त्यांचे सतत खटके उडत, आणि त्या गरिबांच्या अडचणी समजून घेण्याची वृत्ती त्यांच्यात कमी होती. तो भाग आपण घेऊ नये. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. सायकली ठेवून ती दोघे पुढे काराकोरमच्या बर्फात वर्षानुवर्षे मोहिमा काढू लागली, तेव्हा त्यांनी एक रीत पाडली होती. एका वर्षी मोहिमेची सारी व्यवस्था बाईंनी पाहायची आणि मोजमापाचे, शास्त्राचे काम डॉक्टरांनी करायचे. दुसऱ्या वर्षी कामांची अदलाबदल. सव्वाशे वर्षांपूर्वी नवराबायकोत असा व्यवहार होता, हे मला त्यांच्या चौदा हजार मैलांहून मोठे वाटते.

आपण लग्नात म्हणतो, नवराबायको म्हणजे संसाररथाची दोन चाके. म्हणायला छान आहे. पण रथाची चाके शेजारी शेजारी असतात. सायकलीची चाके एकामागे एक असतात. पुढचे चाक वळते, मागचे चाक जोर लावते. घरोघरी पाहिले तर संसार रथासारखा थोडा आणि सायकलीसारखा जास्त चालतो. एकाने दिशा ठरवायची आणि दुसऱ्याने बळ लावायचे. म्हणून माझे म्हणणे, दोघांमध्ये एक सायकल नको. दोघांच्या दोन असू द्या. म्हणजे दोघांनाही वळावे लागते आणि दोघांनाही जोर लावावा लागतो.

आता आपल्या भागातला एक फेरा सांगते. आम्ही तो दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवसांत केला. वरणगावाहून मुक्ताईनगर, तिथून बऱ्हाणपूर, मग रावेर, सावदा, फैजपूर, यावल आणि भुसावळवरून परत घरी. एकूण दीडशे किलोमीटरहून थोडा अधिक. चढउतार बेताचे आणि दर दहा-बारा किलोमीटरवर गाव. ज्यांनी कधी लांब सायकल चालवलेली नाही, त्यांनाही झेपेल असा हा रस्ता आहे.

पहिल्याच दिवशी आमच्या घरात जे कधी बोलले गेले नव्हते, ते रस्त्यावर बोलले गेले. झाले असे की, यांची चाल माझ्यापेक्षा जलद. हे पुढे जायचे, एखाद्या निंबाखाली सायकल लावून माझी वाट पाहायचे. मी धापा टाकत पोहोचले की म्हणायचे, "आलीस? चल, निघू या." असे तीनदा झाले. चौथ्या वेळी मी सायकल स्टँडवर लावली, खाली बसले आणि म्हटले, "अहो, तुमची विश्रांती झाली, माझी कुठे झाली?" हे क्षणभर गप्प राहिले. मग हसले आणि शेजारी बसले.

श्रोतेहो, हा हिशेब नीट पाहा. जो पुढे जातो त्याला थांबायला मिळते. जो मागे असतो तो पोहोचतो तेव्हा निघायची वेळ झालेली असते. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज जास्त, त्याच्याच वाट्याला ती कमी येते. घरातही असेच होते की नाही? सगळ्यांची जेवणे होतात, माणसे आडवी होतात, आणि घरची बाई शेवटी पाटावर बसते, तोवर चहाची वेळ होते. घरात हे दिसत नाही, कारण रोजचे झालेले असते. रस्त्यावर ते उघडे पडते. तेव्हापासून आम्ही एक नियम केला. थांबायचा वेळ मोजायचा तो मागचा पोहोचल्यापासून. दुसरा नियम, पुढे कोण हे दर तासाला बदलायचे. मी पुढे असले की वेग माझा. अर्थात समोरून बोचरा वारा सुटला, तर ज्याच्या अंगात जोर अधिक त्याने पुढे व्हावे. पुढच्याच्या आडोशाने मागच्याचे श्रम कमी होतात. आकाशातून रांगेने उडणारे मोठे पक्षीही पुढच्यामुळे आपले श्रम वाचवतात. आमच्या वरणगावजवळ हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात दूरदेशीचे पाहुणे पक्षी उतरतात, त्यांत चक्रवाकाच्या जोड्याही असतात. आपल्या जुन्या कवींनी या पक्ष्याला जोडप्याच्या प्रेमाची खूण मानले आहे. ते पाहायलासुद्धा सायकलच बरी. ती आवाज करीत नाही, त्यामुळे पाखरे उडून जात नाहीत.

या फेऱ्यात वाटेवर लागणारी ठिकाणेही याच विषयावर बोलतात. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे. चौदाशे वर्षे जगलेला योगी अशी ज्याची ख्याती, त्या चांगदेवाने गुरू केले ते मुक्ताईला, एका लहान मुलीला. पुढे कोणी चालावे हे वयावर आणि मानावर ठरत नाही, ही गोष्ट आमच्या तापीकाठाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

मग येते बऱ्हाणपूर. इथे १६३१ मध्ये मुमताजमहल वारली. ताजमहाल आग्र्याला असला, तरी तिची पहिली कबर बऱ्हाणपूरला, तापीपलीकडे. ती शहाजहानच्या स्वाऱ्यांत बरोबर असे. दख्खनच्या मोहिमेतही होती, आणि इथेच चौदाव्या बाळंतपणात गेली. सोबत होती, प्रेमही होते. पण मुक्काम कुठे, कूच केव्हा, हे ठरवणारा एकटा बादशहा. त्या गावात उभे राहिले की मनात येते, नुसते बरोबर नेणे म्हणजे सोबत नव्हे. बरोबरच्या माणसाला "आज नको, थांबू या" असे म्हणता आले पाहिजे, आणि ते ऐकले गेले पाहिजे.

परतीच्या वाटेवर फैजपूर. १९३६ च्या डिसेंबरात खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन इथे झाले. अध्यक्ष होते पंडित नेहरू. त्याच्या तयारीसाठी साने गुरुजी खानदेशात गावोगाव फिरले होते. त्या कडाक्याच्या थंडीत हजारो माणसे तिथे जमली होती. आपण मात्र म्हणतो, थंडीत कोण बाहेर पडणार!

तर थंडीबद्दल चार कामाच्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, पहाटे निघू नये. उन्हाळ्यात पहाट चांगली. थंडीत धुके असते, आणि धुक्यात ट्रकवाल्याला आपण दिसत नाही. सूर्य वर आला, धुके निवळले, की साडेसातच्या सुमारास निघावे. या दिवसांत सूर्य संध्याकाळी सहाच्या आतच मावळतो. तेव्हा चारपर्यंत मुक्काम गाठावा. तासाला बारा किलोमीटर धरले, तरी मध्ये भरपूर थांबून दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर सहज होतात. याहून जास्त हाव धरू नये.

दुसरी गोष्ट, कपडे. हवा स्तब्ध असली तरी सायकलीवर बसलेल्या माणसाला वारा लागतोच, कारण तो स्वतः पुढे जात असतो. म्हणून बोटे, कान आणि छाती आधी गारठतात. हातमोजे आणि कानटोपी हवीच. पण अंगावर एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे घालावेत. निघताना थोडे गार वाटले तर वाटू द्यावे. पंधरा-वीस मिनिटांत अंग तापते, मग एक कपडा उतरवावा. कारण खरा घात थंडी करीत नाही, घाम करतो. घामाने ओला झालेला सुती सदरा घालून तुम्ही चहाला थांबलात, की पाठीत गारवा शिरलाच म्हणून समजा. थांबल्याबरोबर अंगावर काहीतरी घ्यावे, आणि एक कोरडा कपडा पिशवीत राखून ठेवावा. छातीवर वारा लागत असेल, तर सदऱ्याच्या आत जुने वर्तमानपत्र पसरून घालावे. युरोपात आल्प्सचे घाट उतरणारे शर्यतीचे सायकलस्वार हेच करीत आले आहेत. रद्दीचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट, खाणेपिणे. थंडीत तहान लागत नाही, पण शरीरातले पाणी जातच असते. म्हणून तहान नसतानाही घोट घोट पाणी प्यावे. भूक मात्र कडकडून लागते. गूळ-शेंगदाणे खिशात असावेत. केळी तर आमच्या रावेर-यावल पट्ट्यात पावलोपावली. घरून निघताना कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घ्यावा. ज्वारी आणि उडदाची ती भाकरी दुपारपर्यंत पोटाला आधार देते. पोटभर जेवून लगेच सायकलीवर बसू नये, थोडे थोडे चार वेळा खावे.

चौथी गोष्ट, सायकल. नवी घ्यायला पाहिजे असे नाही. घरातली जुनी काळी सायकलही चालेल, पण सीटची उंची आपल्या पायाला बेतून घ्यावी. पायडल खाली गेले की गुडघा जवळजवळ सरळ व्हावा, अगदी ताठ नव्हे. पुष्कळांचे गुडघे दुखतात ते सीट बुटकी ठेवल्यामुळे. ब्रेकचे रबर, टायर, साखळीचे तेल आधी पाहून घ्यावे. पंप, पॅच, सोल्युशन, पान्हा आणि एक जादा ट्यूब बरोबर असावी. आणि पंक्चर काढायला दोघांनाही आले पाहिजे. हे काम पुरुषाचे, असे म्हणून बाईने बाजूला उभे राहू नये. उलट, भाकरी बांधायचे काम बाईचे, असे म्हणून पुरुषाने आयती भाकरी खाऊ नये. वर्कमन जोडप्याची अदलाबदल इथूनच सुरू होते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, महामार्ग. आमच्या गावाजवळून जाणारा महामार्ग आता चौपदरी झाला आहे. रस्ता रुंद झाला तशी गाड्यांची चाल वाढली. जिथे आतला रस्ता असेल तिथे तो धरावा, चार किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. महामार्गावर जावेच लागले, तर डाव्या कडेने, एकामागे एक जावे. गप्पा मारीत शेजारी शेजारी कधीही चालवू नये. सायकलीला मागे लाल दिवा आणि चकाकणारी पट्टी लावावी. घरी निदान एका माणसाला आपला रस्ता आणि मुक्काम सांगून ठेवावा. धाडस म्हणजे निष्काळजीपणा नव्हे.

आता शिक्षक बंधुभगिनींना एक वेगळी विनंती. आपल्यात नवरा शिक्षक आणि बायको शिक्षिका अशी जोडपी पुष्कळ आहेत, आणि दोघांना सुट्टी एकाच वेळी मिळते. आपण दोघे सायकलीवर गावातून गेलात, तर ते शंभर मुले पाहतील. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची चळवळ झाली. एक लाखाहून अधिक खेडवळ बायका सायकल चालवायला शिकल्या. शेतमजूर, परिचारिका, अंगणवाडीच्या बाया आणि शिक्षिकासुद्धा. पाणी आणणे, मुलांना पोहोचवणे, भाजी विकायला नेणे, यांसाठी कुणाची वाट पाहणे संपले. तिथेही सुरुवातीला लोक हसलेच. मग हसणारे थकले आणि सायकली चालत राहिल्या.

आमच्या शेजारच्या आजींचेही तसेच. आम्ही तिसऱ्या वर्षी निघालो तेव्हा त्यांनी मोटारसायकलीची चौकशी केली नाही. त्यांनी सुनेला हाक मारून सांगितले, "बाईले इचार, लेडीज सायकल केवढ्याले येते." सून अजून गल्लीतच चालवते. पण चालवते.

तेव्हा श्रोतेहो, बऱ्हाणपूर लांब वाटत असेल, तर आधी शेजारच्या गावापर्यंत जा. एका रविवारी दहा किलोमीटर जाणे आणि दहा किलोमीटर येणे, एवढ्यानेच सुरुवात करा. पडवीत गंजलेली ती माहेरची सायकल मागवून घ्या, तिला तेल द्या, टायर बदला. आणि निघालात की एवढे लक्षात ठेवा: पुढे असाल तर मागे वळून पाहत जा, आणि मागे असाल तर "थांबा" म्हणायला लाजू नका.